वाचनालयाच्या लिनक्स मशीनचा बॅकअप: सॉफ्टवेअर कोणतं, आणि रात्री मशीन बंद असेल तर वेळ कोणती?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं संगणकाचं काम मी बघते. तिथे दोन मशीन आहेत. एकावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि त्यावर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर: पुस्तकांच्या नोंदी, देवघेव, सभासद, वर्गणी सगळं त्यात. दुसऱ्यावर लिनक्स मिंट, त्याला स्कॅनर जोडलेला. जुनी मासिकं, गावातल्या संस्थांचे अहवाल, देणगीत आलेल्या हस्तलिखित वह्या आम्ही स्कॅन करून ठेवतो. स्कॅन साधारण ९०० जीबीपर्यंत गेलेत. यातले बरेच कागद इतके ठिसूळ आहेत की पुन्हा स्कॅनरवर ठेवता येणार नाहीत. फाइल गेली की मजकूरच गेला.

आत्ता २ टीबीची एक बाहेरची डिस्क आहे आणि ज्याला आठवेल तो तिच्यावर फोल्डर ओढतो. हे मला बदलायचंय. बोर्ग, रेस्टिक, आरसिंक, टाइमशिफ्ट, डेजा डुप अशी नावं वाचली. प्रत्येकाबद्दल कुणी ना कुणी ‘हेच घ्या’ म्हणतं.

दुसरी अडचण वेळेची. सगळीकडे ‘रात्री दोनला क्रॉन लावा’ (क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम करणारा लिनक्सचा प्रोग्राम) असं लिहिलेलं असतं. आमचं वाचनालय सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात उघडं असतं. बाकी वेळ मेन स्विच बंद. कार्यकारिणीचा तसा नियम आहे आणि जुन्या लाकडी इमारतीत तो मला बरोबरच वाटतो. अशा ठिकाणी काय वापरावं आणि कधी चालवावं?

टर्मिनलवाले

बोर्ग. दुसरा विचार करू नका.

२०१५ मध्ये ॲटिक नावाच्या प्रकल्पातून फुटून निघालेलं सॉफ्टवेअर आहे, तेव्हापासून मुरलंय. फाइलचे तुकडे करतं आणि तोच तुकडा पुन्हा आला तर दुसऱ्यांदा साठवत नाही. कॉम्प्रेशन आहे, एन्क्रिप्शन आहे. तुमच्या कामाचा मुद्दा सांगतो. स्कॅनिंगच्या कामात फोल्डरची नावं सतत बदलतात. आज ‘अहवाल जुने’, उद्या ‘अहवाल १९५२ ते ६०’. बोर्गला त्याने फरक पडत नाही, आतले तुकडे तेच असतात. आरसिंकला मात्र तो नवा फोल्डर वाटतो आणि तो सगळा पुन्हा कॉपी करतो.

टर्मिनल नको असेल तर व्होर्टा किंवा पिका बॅकअप बघा. दोन्ही बोर्गवरच चालतात, बटणं दाबून काम होतं.

सह्याद्री७७

नव्या सॉफ्टवेअरचं कौतुक चालू द्या, पण आरसिंक १९९६ पासून आहे आणि आजही त्याच्याइतकं भरवशाचं काही मी पाहिलेलं नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी लिहिलं. लिनक्स सर्व्हरच्या जगात कुठेही जा, ते असतंच.

मी आरएसस्नॅपशॉट वापरतो, म्हणजे आतून आरसिंकच. रोजचा फोल्डर वेगळा दिसतो, पण न बदललेल्या फाइल हार्ड लिंकने (डिस्कवरच्या एकाच फाइलला दिलेल्या दुसऱ्या नावाने) जोडलेल्या असतात, म्हणून जागा फक्त बदलाचीच लागते. मुख्य फायदा असा की बॅकअप म्हणजे साध्या फाइल. उघडा, बघा, कॉपी करा. बोर्गच्या रिपॉझिटरीत, म्हणजे त्याच्या बॅकअपच्या साठ्यात, डोकावलं तर आकड्यांच्या नावाच्या फाइल दिसतात. कृष्णाकाठ ताई उद्या गावाबाहेर गेल्या आणि कुणाला एक अहवाल हवा झाला, तर तो कुठून काढणार?

चहाबाज

रात्री दोनला आमच्या गावात फक्त उंदीर जागे असतात, बॅकअपचं काम त्यांनाच द्यावं लागेल.

मोगरा

सह्याद्री, ‘उद्या ताई नसतील तर’ हा प्रश्न अगदी योग्य आहे, पण उत्तर तुम्ही म्हणता तितकं सोपं नाही. हार्ड लिंकसाठी डिस्क ईएक्सटी४ सारख्या लिनक्सच्या फाइलसिस्टमवर (डिस्कवर फाइल मांडायच्या पद्धतीवर) लागते. दुकानातून आणलेली डिस्क बऱ्याचदा एक्सफॅट असते, तिच्यावर हार्ड लिंक होतच नाहीत आणि लिनक्सच्या परवानग्याही टिकत नाहीत. ती ईएक्सटी४ केली तर गावातला विंडोजवाला ती लावेल आणि विंडोज विचारेल, ‘फॉरमॅट करू का?’ तिथे कुणी ‘हो’ म्हटलं तर?

आणखी एक. हार्ड लिंकमध्ये तीस दिवसांचे तीस फोल्डर दिसले तरी न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते. ती जागा खराब झाली की तीसही दिवसांची प्रत खराब.

माझं मत रेस्टिकला. एकच फाइल असलेला प्रोग्राम, गोमध्ये लिहिलेला, विंडोजवरही चालतो. म्हणजे रिपॉझिटरी एक्सफॅट डिस्कवर ठेवा, कुणाच्याही लॅपटॉपवर रेस्टिक उतरवा आणि फाइल परत काढा. दूरच्या प्रतीसाठी समोर एसएफटीपी (नेटवरून फाइल पाठवायची साधी सोय) असलं तरी पुरतं. बोर्गला समोरच्या मशीनवरही बोर्ग लागतं. पूर्वी कॉम्प्रेशन नाही ही तक्रार होती, २०२२ मध्ये ०.१४ आवृत्तीत तेही आलं.

टर्मिनलवाले

मोगरा, विंडोजचा मुद्दा मान्य. बोर्ग तिथे सरळ चालत नाही. पण वेगाचं आणि जुन्या मशीनवरच्या मेमरीचं काय? माझ्या अनुभवात मोठ्या रिपॉझिटरीत प्रून करताना, म्हणजे जुने बॅकअप छाटताना, रेस्टिक बोर्गपेक्षा जास्त मेमरी खातं. वाचनालयाचं मशीन किती जीबी रॅमचं आहे, हे आधी विचारायला हवं.

कृष्णाकाठ

दोन्ही मशीन ८ जीबीची आहेत.

मोगरा

मग ९०० जीबीच्या मोठ्या मोठ्या स्कॅन फाइलना काही होणार नाही. लाखो बारीक फाइल असत्या तर विचार केला असता.

नवखा_पेंग्विन

मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीपासून असतं ना? मी ते चालू केलंय आणि रोज स्नॅपशॉट निघतोय. मग वेगळं काही कशाला?

अनिकेत_डेबियन

नवखा, आज घरी गेल्यावर एक गोष्ट बघा: टाइमशिफ्टच्या सेटिंगमध्ये ‘होम’ फोल्डर धरलाय का. मुळात ते धरलेलं नसतं. टाइमशिफ्ट सिस्टिम मागे नेण्यासाठी आहे, म्हणजे अपडेटनंतर मशीन सुरूच झालं नाही तर कालच्या अवस्थेला जाता यावं म्हणून. तुमचे फोटो, कागदपत्रं त्यात येत नाहीत, आणि ते ठीकच आहे, नाहीतर सिस्टिम मागे नेताना तुमचं कालचं लिखाणही मागे गेलं असतं. बीटीआरएफएस (आणखी एक फाइलसिस्टम) प्रकार निवडला असेल तर स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली की तेही गेले.

टाइमशिफ्ट ठेवाच, पण बॅकअप म्हणून मोजू नका.

आता कृष्णाकाठ ताईंच्या मूळ प्रश्नाबद्दल. बोर्ग की रेस्टिक यावर आपण वर्षभर बोलू शकतो, दोन्ही उत्तम आहेत. मला जास्त काळजी त्यांच्या वेळापत्रकाची वाटते. ताई, तुमचं कोहा डेबियनच्या पॅकेजमधून बसवलंय का? असेल तर ते रोज स्वतःच डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची एका फाइलीतली प्रत) काढतं आणि ‘वार’ फोल्डरमधल्या ‘स्पूल’मध्ये कोहाच्या फोल्डरात ठेवतं. हे काम क्रॉनच्या रोजच्या यादीत असतं. डेबियनमध्ये ही यादी सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी चालते. तेव्हा तुमचा मेन स्विच बंद असतो. क्रॉन असं धरून चालतं की मशीन सदैव चालू आहे. वेळ हुकली की ते काम सोडून देतं, मागाहून करत नाही.

ॲनाक्रॉन बसवलेलं असेल तर चुकलेलं रोजचं काम मशीन सुरू झाल्यावर होतं. डेस्कटॉपवर ते बहुधा असतं, सर्व्हर म्हणून बसवलेल्या डेबियनवर बहुधा नसतं. कृपया तो फोल्डर उघडून शेवटच्या डंपची तारीख बघा.

आजोबा_बेसिक

अनिकेतराव, फार मोलाचं सांगितलंत.

मी बँकेत संगणक विभागात होतो. आमच्याकडे रोजची टेप असे, शुक्रवारची वेगळी, महिनाअखेरची वेगळी. या पद्धतीला आजोबा-वडील-मुलगा म्हणत. रोजची टेप पुढच्या आठवड्यात पुन्हा वापरायची, शुक्रवारची पुढच्या महिन्यात, महिनाअखेरची जपून ठेवायची. टेप शाखेत ठेवायची नाही, दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत पाठवायची, आणि पाठवली याची वहीत सही. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२ ठेवा’ असं लिहितात, ते हेच. वहीतली सही मात्र मला आजकाल कुठे दिसत नाही.

चहाबाज

आजोबा, वडील, मुलगा झाले, नातवाच्या टेपचे पैसे कोण भरायचं?

आजोबा_बेसिक

चहाबाज, तेव्हा मुख्यालय भरत असे!

कृष्णाकाठ

अनिकेत, आज संध्याकाळी बघितलं. फोल्डरमध्ये दोन डंप आहेत आणि दोन्हींची तारीख गेल्या उन्हाळ्यातली आहे. तेव्हा ज्यांनी कोहा बसवून दिलं त्यांनी मशीन काही दिवस रात्रंदिवस चालू ठेवलं होतं, तेवढ्यात निघालेले असणार. त्यानंतर एकही नाही. जवळजवळ वर्षभराच्या देवघेवीची, नव्या सभासदांची एकच प्रत आहे, ती चालू डेटाबेसमध्ये.

ॲनाक्रॉन लगेच बसवलं. उद्या सकाळी डंप निघतो का ते बघून सांगते.

अनिकेत_डेबियन

उत्तम. तोवर हातानेही एक काढून पेन ड्राइव्हवर न्या. ‘कोहा-डंप’ आणि पुढे तुमच्या इन्स्टन्सचं (बसवलेल्या कोहाचं) नाव. दोन फाइल तयार होतात, एक डेटाबेसची आणि एक सेटिंगची. परत आणायला ‘कोहा-रिस्टोर’ला या दोन्ही लागतात, एकच नेऊ नका.

आणि इतरांसाठी: चालू डेटाबेसचा फोल्डर बोर्ग, रेस्टिक, आरसिंक कशानेही सरळ उचलू नका. कॉपी होत असताना आत लिहिणं चालू असतं, मग अर्धं जुनं आणि अर्धं नवं असं हाती येतं. आधी डंप, मग डंपचा बॅकअप.

पळसफूल

वेळापत्रकावरून आठवलं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामचा कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याने दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस फोल्डर पुसला. सुमारे ३०० जीबीमधले ४.५ जीबी उरले असताना हात थांबला. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप निघतच नव्हता, कारण डंपचं साधन एका आवृत्तीचं आणि डेटाबेस दुसऱ्या. काम बिघडल्याच्या मेल जात होत्या, पण सही-तपासणीच्या नियमात अडकून नाकारल्या जात होत्या. शेवटी योगायोगाने काही तास आधी कुणी काढलेल्या प्रतीवर निभावलं आणि साधारण सहा तासांची नोंद कायमची गेली. कंपनीने हे सगळं उघडपणे लिहिलं म्हणून आपल्याला माहीत आहे, आणि त्यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

म्हणजे ‘बिघडलं तर मेल येईल’ यावर विसंबू नये. उलटं करावं: नीट झालं की खूण पाठवायची, आणि ठरलेल्या वेळेत खूण आली नाही की गजर. हेल्थचेक्स नावाची सेवा हेच करते. उघड्या स्रोताची आहे, स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येते. आजोबांच्या वहीतली सही ती हीच.

सह्याद्री७७

पळसफूल +१. हा मुद्दा सॉफ्टवेअरपेक्षा मोठा आहे.

दर्याकिनारी

सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) टायमर कुणी सांगितलेच नाहीत अजून. ताईंच्या परिस्थितीला तेच नेमके बसतात.

दोन फाइल लागतात. एक सर्व्हिस, काय चालवायचं ते सांगणारी. दुसरी टायमर, कधी ते सांगणारी. टायमरमध्ये ‘ऑनकॅलेंडर’ला रोज सकाळी ९ द्या आणि खाली ‘पर्सिस्टंट=ट्रू’ लिहा. मग ९ ला मशीन बंद असेल, समजा लाइट गेलेली, तर शेवटचं कधी चाललं होतं ते सिस्टमडीच्या लक्षात असतं आणि मशीन सुरू झाल्यावर ते राहिलेलं काम करतं. ही एक ओळ विसरली तर टायमर आणि क्रॉन सारखेच.

साडेआठला सगळे एकदम कामाला लागत असतील तर ‘रँडमाइज्डडिलेसेक’ देऊन थोडं पुढे ढकला. ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स’ म्हटलं की पुढची वेळ आणि मागची वेळ दोन्ही दिसतात. वेळ बरोबर लिहिली का याची शंका असेल तर ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ कॅलेंडर’ला विचारा, पुढे कधी चालेल ते तो सांगतो.

संध्याकाळी बंद करताना बॅकअप असं मात्र ठेवू नका. दार लावायला थांबलेला माणूस स्विच दाबतोच, आणि त्यात त्याची चूक नाही.

नवखा_पेंग्विन

टाइमशिफ्ट बघितलं. होम नव्हतंच त्यात. अनिकेत, मनापासून आभार. डेजा डुप लावलं, माझ्या लॅपटॉपला पुरेसं वाटतंय.

एक विचारू? बाहेरची डिस्क कायम लावलेली नसेल तर टायमर काय करणार?

दर्याकिनारी

चांगला प्रश्न, आणि इथे आरसिंकवाल्यांना धोका आहे. डिस्क लावलेली नसते, पण ती जिथे जोडली जाते तो रिकामा फोल्डर असतो. आरसिंक मुकाट्याने त्यात लिहायला लागतं, म्हणजे आतल्याच डिस्कवर. ती भरते आणि मशीन अडतं. स्क्रिप्टच्या (बॅकअपच्या कमांड लिहिलेल्या फाइलच्या) सुरुवातीला डिस्क लागली आहे का ते ‘माउंटपॉइंट’ कमांडने तपासा, नसेल तर तिथेच थांबा. बोर्ग आणि रेस्टिकला रिपॉझिटरी सापडली नाही तर ते चूक दाखवून थांबतात, पण तपासणी तिथेही ठेवावी.

गोदातीरी

जरा अवांतर, पण ताईंना उपयोगी पडेल. स्कॅनच्या फाइलना देवनागरी नावं देता का? आमच्या संस्थेत विंडोजवरून लिनक्सवर आणताना काही फाइल कॉपीच होईनात. ‘फाइल नेम टू लाँग’.

कारण असं. ईएक्सटी४ वर एका नावाला २५५ बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायच्या नेहमीच्या रीतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ८५ चिन्हं झाली की संपलं. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. ‘श्री’ मध्ये श, हलन्त, र आणि वेलांटी अशी ४ चिन्हं, १२ बाइट. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये हीच मर्यादा २५५ चिन्हांची आहे, तिथे लांबलचक नाव सुखाने बसतं. बॅकअपची लॉग फाइल वाचा, नाहीतर नेमकी तीच फाइल राहून जाते आणि बाकी हजारो झाल्या म्हणून सगळं झाल्यासारखं वाटतं.

कृष्णाकाठ

गोदातीरी! आमच्या जुन्या विंडोज मशीनच्या डिस्कवर असे काही फोल्डर अजून पडून आहेत, ते मिंटवर येतच नव्हते. आम्ही ती डिस्क खराब झाली असं समजत होतो. अहवालाचं पूर्ण शीर्षक, संस्थेचं नाव, वर्ष आणि विषय असं सगळं फाइलच्या नावात लिहिण्याची आमची पद्धत आहे. आता दाखल क्रमांक आणि वर्ष एवढंच नावात, बाकी कोहाच्या नोंदीत.

आणि सकाळचा निकाल: पावणेनऊला मशीन लावलं, थोड्या वेळाने डंप तयार होता. आजची तारीख.

टर्मिनलवाले

वा! धाग्याचं सार्थक झालं.

पळसफूल

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी क्योतो विद्यापीठाची गोष्टही लक्षात ठेवावी. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या महासंगणकावरच्या बॅकअपच्याच स्क्रिप्टने सुमारे ७७ टीबी माहिती पुसली. ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फाइल, १४ संशोधन गट. जुन्या लॉग फाइल पुसायचं काम होतं. स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती टाकली गेली. बॅश (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) स्क्रिप्ट थोडी थोडी वाचत पुढे जातो, त्यामुळे मधूनच नवा मजकूर वाचला गेला, ज्या चलात (व्हेरिएबलमध्ये) फोल्डरचं नाव असायला हवं ते रिकामं निघालं, आणि पुसण्याची कमांड भलत्याच जागी चालली. काही गटांची माहिती परत आणताच आली नाही.

म्हणून चालू स्क्रिप्ट जागच्या जागी बदलू नये, नवी फाइल वेगळी तयार करून मग ‘एमव्ही’ने तिच्या जागी आणावी. आणि स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट माइनस यू’ असावं, म्हणजे किंमतच न दिलेलं चल दिसलं की ती थांबते.

मोगरा

आता एन्क्रिप्शन. रेस्टिकमध्ये ते मुळातच असतं, पासवर्ड हरवला तर सॉफ्टवेअर लिहिणारेही काही करू शकत नाहीत. पण एकाच रिपॉझिटरीला अनेक पासवर्ड जोडता येतात. वाचनालयासाठी ही फार चांगली सोय आहे: एक ताईंचा, एक कार्यवाहांचा, एक अध्यक्षांचा. कुणी पद सोडलं की तेवढाच काढायचा.

सह्याद्री७७

मला इथे स्पष्ट असहमती नोंदवायची आहे. कोहात सभासदांचे पत्ते आणि फोन आहेत, ते कुलपात हवेत, वाद नाही. पण १९५२ चा छापील अहवाल कुणापासून लपवायचा? स्कॅन उघड्या, साध्या फाइल म्हणून ठेवा. पन्नास वर्षांनी कुणाला ती डिस्क सापडली तर त्याला वाचता यायला हवी. पासवर्ड ज्या पाकिटात होता त्या पाकिटाला तोवर वाळवी लागलेली असेल.

गोदातीरी

सह्याद्रींशी सहमत. शिवाय स्कॅनसाठी प्रत्येक फोल्डरची चेकसमची (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या, मजकूर बदलला की बदलणाऱ्या खुणेची) यादी ठेवा. ‘एसएचए२५६सम’ने होते. आरसिंक, बोर्ग, रेस्टिक सगळेच वेगासाठी फाइलचा आकार, वेळ असं वरवर बघून ठरवतात की ती बदलली नाही. डिस्कवर एखादी फाइल आतून आपोआप खराब झाली तर त्यांच्या लक्षात येत नाही. अभिलेखागारांमध्ये यासाठी बॅगइट ही पद्धत वापरतात, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररीने मिळून तयार केलेली. फोल्डर, त्यातल्या फाइलच्या चेकसमची यादी, आणि थोडी माहिती. सगळं साध्या मजकुरात, म्हणून कुठल्याही काळात वाचता येईल.

मोगरा

सह्याद्री, गोदातीरी, स्कॅनच्या बाबतीत माझं मत बदललं. एक प्रत साधी असावी. पण फक्त साधी नको: कुणी चुकून एक फोल्डर पुसला आणि आरसिंक ‘डिलीट’सह चाललं तर प्रतही पुसली जाते. मागच्या तारखा परत देणारं काहीतरी बरोबर हवंच.

अनिकेत_डेबियन

आणि एक प्रत इमारतीबाहेर. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम सगळ्यांना माहीत असेल: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. लाकडी इमारतीत तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

इंटरनेटवरून पाठवायचं तर हिशेब करा. २० एमबीपीएस अपलोड धरलं तर ९०० जीबीला साधारण १०० तास लागतात. दिवसाला सहा तास मशीन चालू, म्हणजे १७ दिवस, तेही लाइट गेली नाही तर. म्हणून पहिली प्रत डिस्कवर घेऊन ती डिस्क दुसऱ्या जागी नेऊन ठेवा. त्यानंतर रोजची थोडी भर नेटवरून जाईल. मध्ये तुटलं तरी रेस्टिक पुढच्या वेळी आधी पोचलेले तुकडे पुन्हा पाठवत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचं वाचून कार्यकारिणीपुढे ठेवलं. दोन डिस्कचे पैसे मंजूर झाले. ठरलं ते असं.

कोहाचा डंप आणि दोन्ही मशीनवरचं कार्यालयीन काम रेस्टिकने, रोज सकाळी ९ ला, टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’सह. रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२. स्कॅनही रेस्टिकमध्ये जातील, आणि त्याशिवाय त्यांची एक साधी प्रत चेकसमच्या यादीसह एका डिस्कवर, दर शनिवारी आरसिंकने, ‘डिलीट’ न लावता. ती डिस्क शेजारच्या गावातल्या शाळेच्या कपाटात राहील आणि शनिवारी सकाळी इकडे येईल. शाळेच्या मुख्याध्यापकांनी आनंदाने हो म्हटलं. नेल्या-आणल्याची वही ठेवतोय, आजोबा.

बोर्ग सुटलं याचं कारण एकच: आमच्याकडे नंतर येणाऱ्या माणसाच्या हातात विंडोजचाच लॅपटॉप असण्याची शक्यता जास्त.

टर्मिनलवाले

कारण पटलं. मनात काही नाही. वेळोवेळी ‘रेस्टिक चेक’ चालवा, सगळा डेटा एकदम वाचायला वेळ लागतो म्हणून ‘रीड-डेटा-सबसेट’ देऊन दर आठवड्याला एक हिस्सा तपासा.

आजोबा_बेसिक

वहीचं वाचून फार बरं वाटलं. एक विनंती: कोहा परत उभं करून बघा, कागदावर नको.

कृष्णाकाठ

केलं! एका सभासदाने जुना लॅपटॉप दिला, त्यावर डेबियन आणि कोहाची तीच आवृत्ती बसवली आणि कालच्या डंपवरून ‘कोहा-रिस्टोर’ चालवलं. सभासद, देवघेव, थकलेली वर्गणी सगळं आलं. शोध मात्र रिकामा येत होता. अनुक्रमणिका पुन्हा बांधावी लागली, ‘कोहा-रिबिल्ड-झेब्रा’ने (झेब्रा म्हणजे कोहाचं शोधाचं इंजिन). ती पायरी आता कागदावर लिहून मशीनशेजारी चिकटवली आहे.

दर्याकिनारी

झेब्राची पायरी लिहिलीत हे फार छान, माझ्या ओळखीच्या एका ग्रंथालयात याच ठिकाणी सगळे घाबरले होते. टायमरच्या दोन्ही फाइल आणि स्क्रिप्ट इथे टाकाल का? आमच्या तालुक्यातल्या वाचनालयालाही लागेल.

कृष्णाकाठ

हो, रविवारी टाकते. स्क्रिप्टमध्ये दूरच्या सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड फाइलची जागा आहे, ती काढून. तुमच्याकडे कोहाची कोणती आवृत्ती आहे?